चाळीस हजारांचा घाट

लोणावळा स्टेशनातून पुणे ६४ किलोमीटर आणि मुंबईचं सीएसएमटी १२८. हे दोन आकडे मी जन्मभर ऐकत आलो, पण ते संगणकाच्या जातकुळीतले आहेत हे भाच्याने दाखवेपर्यंत ध्यानात आलं नव्हतं. "मामा, चौसष्ट आणि एकशे अठ्ठावीस! इंग्रजांनी आपलं स्टेशन रॅम मोजून बांधलंय," तो म्हणाला. २०२४चा आषाढ होता. कामशेतहून लोकलने येईस्तोवर तो गुडघ्यापर्यंत भिजला होता. ओल्या पँटच्या खिशातून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढून त्याने मला यादी दाखवली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस. खाली बेरीज, चाळीस हजार. आणि बेरजेच्याही खाली, जरा लाजत लिहिल्यासारखं, 'ग्राफिक कार्ड – नंतर'.

त्या 'नंतर'कडे माझं दुर्लक्ष झालं. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दाने घडवलं, पण ते त्याच्या जागी सांगतो.

भाचा तळेगावला डिप्लोमा करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या प्री-वेडिंग व्हिडिओंचं एडिटिंग करतो. लोणावळ्यात या धंद्याला मरण नाही. कुठून कुठून जोडपी येतात, टायगर पॉइंटच्या धुक्यात पांढरेशुभ्र कपडे घालून एकमेकांना शोधतात, आणि त्यांना धुक्यात जे सापडलं नाही ते भाच्याला नंतर एडिटिंगमध्ये शोधावं लागतं. त्याचा लॅपटॉप या शोधात दमला होता. चार मिनिटांच्या प्रेमाला तो अडीच तास घ्यायचा.

चाळीस हजार उभे राहिले ते असे. भाच्याच्या कमाईचे अठरा, ताईच्या भिशीचे दहा, माझे दहा, आणि आजीने उशीखालून काढलेले दोन. मी त्याला पैसा फंड म्हणालो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत जो फंड जमवला, त्यातून टिळकांच्या पाठबळाने १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला, हे भाच्याला मीच सांगितलं. रोज त्या स्टेशनात उतरतो, पण माहीत नव्हतं. कॅबिनेटला एका बाजूने काच पाहिजेच असा त्याचा आधीपासून हट्ट होता, त्यामुळे हा इतिहास त्याला फारच पटला.

शेजारच्यांचं मत पडलं, "कंपनीचा घ्या. असेंबल्डचा काय भरवसा?" असेंबल्ड हा शब्द त्यांनी पळून जाऊन केलेल्या लग्नासारखा उच्चारला. मी त्यांना 'परम ८०००' ऐकवला. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाली, आणि विजय भटकरांच्या मंडळींनी इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे बाजारात मिळणारे प्रोसेसर, एकमेकांना जोडून १९९१ साली आपलं यंत्र उभं केलं. तेही असेंबल्डच की! शेजारी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला वॉरंटी किती होती?"

तर यादी. ती चार दिवस आमच्या घरात होती आणि त्या चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की थोड्या पैशांत संगणक जुळवताना काय घ्यायचं हा प्रश्न फारसा अवघड नसतो. कशात गरीब राहायचं हे ठरवणं अवघड, आणि त्याबाबत दोन माणसांचं एकमत होत नाही. भाचा एसएमपीएसमध्ये गरीब राहायला तयार होता, पण कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांत नाही. मी दिव्यांत दरिद्री राहायला एका पायावर तयार, पण एसएमपीएसमध्ये नाही. बायकोचं म्हणणं, टेबल नीट घ्या, बाकी काही का असेना, दिसणार टेबलच आहे.

हा हिशेब वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातल्या लोकांनी आमच्या कितीतरी आधी भातात केला. आंबेमोहोराला वास आहे, पण उतारा कमी आणि वाऱ्या-पावसात रोप आडवं पडणार. आयआर ८ उदंड पिकणार, पण वासाच्या नावाने शून्य. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ साली इंद्रायणी आला आणि आमचं मावळ त्याने भरून गेलं. माझ्या आईने शेवटपर्यंत त्याला आंबेमोहोराच्या पंक्तीला बसू दिलं नाही. "वास आहे, पण शेजारच्या घरातून आल्यासारखा," असं ती म्हणायची आणि दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायची.

एसएमपीएसबद्दल माझा हट्ट का, हे लोणावळ्यात पावसाळा काढल्याशिवाय कळत नाही. लोणावळा, वळवण, शिरवता या आमच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईला वीज पुरवली. गिरण्या चालल्या, शहर उजळलं. आमच्याकडे आषाढात तारेवर एक फांदी पडली की मेणबत्ती. वीज जाते त्याचं काही नाही, ती परत येते तेव्हा उसळत येते. म्हणून एसएमपीएस ४५० वॅटचा, '८० प्लस ब्राँझ' शिक्क्याचा. या शिक्क्याचा अर्थ, भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशीच्या वर टक्के तो खरोखर संगणकाला देतो, उरलेलीची उष्णता होते. वर सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशी चढती भाजणी आहे. भाच्याला वाटलं मामा ब्राँझवर नाराज होईल. आमच्या घराण्यात ब्राँझच्या वर कोणी गेलेलं नाही, मी नाराज कशाला होऊ?

रॅमवर एक संध्याकाळ गेली. सोळा जीबीची एकच पट्टी घ्यायची, म्हणजे दुसरी जागा पुढच्यासाठी मोकळी राहते, की आठ-आठच्या दोन? दोन लावल्या की प्रोसेसरला दोन्हींकडून एकदम माल मिळतो. मी म्हटलं, चिखलणीला एक बैल जुंपून दुसऱ्याची जागा पुढच्या वर्षासाठी मोकळी ठेवलेला शेतकरी तू पाहिलायस का? आठ-आठच्या दोन ठरल्या. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचं सॉकेट जुळणं म्हणजे पत्रिका जुळणं, ही उपमा भाच्याने पहिल्याच दिवशी वापरून टाकली होती, त्यामुळे माझ्या वाट्याला बैलच उरले. 'बॉटलनेक' म्हणजे काय हे मात्र त्याला समजावावं लागलं नाही. सहा पदरी एक्सप्रेसवे आणि शनिवारचा खंडाळा घाट. गाडी कितीही भारी असो, घाटात सगळ्यांची बैलगाडी.

खरेदीला पुणं की मुंबई? टिळक रोड जवळचा, पण लॅमिंग्टन रोडला पंधराशे तरी वाचतील, असा भाच्याचा अभ्यास. एका बुधवारी सकाळची सिंहगड पकडली, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल घेतली आणि एका गव्हर्नरच्या नावाच्या स्टेशनात उतरून दुसऱ्या गव्हर्नरच्या रस्त्याला लागलो. रस्त्याचं सरकारी नाव केव्हाच डॉ. भडकमकर मार्ग झालंय. पण भडकमकर मार्ग विचारलात तर लोक पत्ता सांगतील आणि लॅमिंग्टन विचारलात तर भाव.

दुकानात मी एसएमपीएसचे खोके दोन्ही हातांत घेऊन वजन करून पाहिले. हसू नका, स्वस्तातला डबा आतून पोकळ लागतो, हे जुन्या मेकॅनिकांचं शास्त्र आहे. मी कलिंगडासारखा एकाला टिचकी मारायला गेलो तेव्हा मात्र भाच्याने माझा हात धरला. मग प्रोसेसर. आमच्या यादीत होता 'आय ३, १२१००'. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "कार्ड लावणार ना?"

"हो, लावणार!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. 'नंतर' हा शब्द दोघांच्याही तोंडून निघाला नाही. माणूस गरिबी अशी ऐन वेळी गिळतो.

"मग एफ घ्या. तेच आहे, पंधराशे कमी."

पंधराशे! बेरीज मारताना अठरा टक्के जीएसटी मी धरलाच नव्हता आणि 'प्लस जीएसटी' ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आला होता, तो या पंधराशेने उतरला. मला त्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला.

परतीच्या गाडीत कॅबिनेटचं खोकं पायांशी, मॉनिटर मांडीवर. कर्जतला गाडी थांबली, वडे आले, आणि मागून बँकर इंजिनं लागल्याचा तो ओळखीचा धक्का बसला. मी भाच्याला म्हटलं, "हे बघ तुझं ग्राफिक कार्ड. सपाटीला पुढचं इंजिन पुरतं. सदतीस फुटांना एक फूट चढ लागला की मागून ढकलणारं वेगळं लागतं."

"म्हणूनच तर नंतर घेऊ," तो वडा खात म्हणाला. एवढी सुंदर उपमा इतक्या चुकीच्या वेळी मला पूर्वी कधी सुचली नव्हती.

रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जुळणी सुरू झाली. मदरबोर्डवर प्रोसेसर ठेवायचा आणि तरफ दाबायची, तेव्हा असा करकर आवाज होतो की आठ हजार रुपये मोडल्यासारखं वाटतं. भाचा म्हणाला, आवाज यायलाच पाहिजे. बायको देवघरात गेली. पंख्याच्या चार खुंट्या, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडीचा एकच नखाएवढा स्क्रू, जो खाली पडला आणि वीस मिनिटं सगळ्या घराला गुडघ्यांवर आणून गेला. सव्वाअकराला बटण दाबलं. पंखे फिरले, काचेआड निळे-जांभळे दिवे लागले, बायको म्हणाली "अगंबाई!", आणि मॉनिटरवर अक्षरं उमटली, 'नो सिग्नल'.

पुढचे दोन तास आम्ही सगळ्यांवर संशय घेतला. केबल उलटी-सुलटी केली. रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं, परत लावली. खोडरबर हा आपल्याकडच्या संगणकशास्त्राचा पाया आहे. माझा जिवाभावाचा एसएमपीएससुद्धा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि भाचा त्याच्याकडे "बघा तुमचं वजन" अशा नजरेने पाहत होता. मध्येच वीज गेली. यूपीएसने आपलं काम चोख बजावलं आणि काळा पडदा पुढची बारा मिनिटं काळाच ठेवला.

दीड वाजता बॅटरीच्या उजेडात भाच्याने प्रोसेसरचं रिकामं खोकं हातात घेतलं. बराच वेळ वाचत राहिला. "मामा," तो हळूच म्हणाला, "एफ म्हणजे... याच्यात ग्राफिक्स नसतं." साध्या १२१०० मध्ये चित्र दाखवायची सोय पोटातच असते. एफमध्ये ती बंद. चार कोअर, आठ थ्रेड, सगळं शाबूत, फक्त वेगळं कार्ड नसेल तर त्याचं काय चाललंय ते जगाला कळणार नाही. आमचा संगणक गेले दोन तास अगदी व्यवस्थित चालू होता. विचार करत असेल, आज्ञेची वाट पाहत असेल. बोलायची सोय आम्ही पंधराशे रुपयांत विकून आलो होतो.

कामशेतच्या एका झेरॉक्सवाल्याकडे बंद पडलेल्या यंत्रातलं 'जीटी ७१०' कार्ड निघालं. पंखासुद्धा नाही त्याला, घाट चढवणारं बँकर नव्हे, स्टेशनातली हातगाडी. तो अठराशे म्हणाला. घासाघीस करून अठराशेलाच दिलं.

ते अजून लावलेलं आहे. खरं कार्ड अजून 'नंतर'च आहे. रॅमने मात्र आमची लाज राखली. साडेतीन हजारांना घेतलेल्या त्या दोन पट्ट्या! २०२५च्या अखेरीस एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी जगभरातल्या मेमरीच्या चिपा गिळायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. घरातल्या कुठल्याही ठेवीने मला कधी एवढं व्याज दिलं नव्हतं. बायको म्हणाली, "मग विका." विकायला ती बाहेर काढावी लागेल आणि बाहेर काढली की पुन्हा खोडरबर आलं.

बायकोचं या यंत्राशी आता स्वतंत्र सूत जमलं आहे. आमच्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर पट्ट्याला बुरशी, पुस्तकाला बुरशी, कपडे वाळण्याची आशा सोडायची. तिच्या माहेरी कपाटात साठ वॅटचा पिवळा बल्ब अहोरात्र जळत ठेवायचे, त्यानेच काय ती पैठणी वाचायची. आमच्या प्रोसेसरच्या कागदावर बेस पॉवर लिहिली आहे ५८ वॅट. नुसता चालू असला तर एवढा तापत नाही, पण भाच्याने एखाद्या जोडप्याचं धुकं रेंडरला लावलं की कॅबिनेटच्या मागच्या पंख्यातून छान कोरडी ऊब येते. गेल्या श्रावणापासून तिथे खुर्ची उलटी करून ठेवलेली असते. शनिवारी भाचा दारात छत्री झटकत असतानाच आतून आवाज येतो, "आलास? आज मोठं रेंडर आहे का रे? मामांच्या दोन पँटी आहेत."