पायउतार होण्याचे शास्त्र

पोकर कसा खेळावा हे शिकवणारे ग्रंथ विपुल असले, तरी मोठ्या डावाच्या टेबलावरून उठून लहान डावाच्या टेबलावर केव्हा जावे, हा प्रश्न त्यांत बहुधा एखाद्या प्रकरणात उरकलेला असतो. आणि वाचक नेमके तेच प्रकरण पैसे संपल्यावर उघडतो.

टेबलाची पायरी ‘ब्लाइंड’वरून ठरते. ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्यापूर्वीच दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या रकमा. त्या एक आणि दोन डॉलर असतील, तर मोठ्या ब्लाइंडच्या शंभर पट, म्हणजे 200 डॉलर, घेऊन बसण्याचा प्रघात आहे. केवळ खेळासाठी वेगळ्या काढलेल्या पुंजीला भांडवल म्हणतात. तिच्यात घरभाडे, मुलांची फी आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसने मोडत नाहीत, हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण रात्री दोननंतर सर्वच व्याख्या सैल होऊ लागतात.

2000 साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकणारे क्रिस फर्ग्युसन यांनी 2006 मध्ये शून्यातून, म्हणजे प्रवेशशुल्क नसलेल्या ऑनलाइन स्पर्धांपासून, आरंभ करून दहा हजार डॉलर जमवण्याचा संकल्प सोडला आणि पुढच्या वर्षी तो तडीस नेला. अगदी चिल्लर टेबले वगळता कोणत्याही रोख टेबलावर भांडवलाच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊन बसायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. या हिशेबाने एक-दोनच्या टेबलाला 4000 डॉलरचे भांडवल लागते आणि ते त्याखाली घसरले की खेळाडूने निमूटपणे खालच्या टेबलाची वाट धरावी. हा भागाकार चौथीतल्या मुलाला येतो. संभाव्यतेची गणिते तोंडी सोडवणाऱ्या प्रौढाला मात्र तो नेमका हरत असताना येईनासा होतो.

अडचण गणिताची नसून ‘पडलो तरी नाक वर’ या वृत्तीची आहे. उतरायला सांगितलेला खेळाडू हमखास तक्रार करतो, की खालच्या टेबलावर त्याच्या बोलीला कोणी मान देत नाही. तीत तथ्य आहे. ब्लफ म्हणजे हाती काही नसताना भारी रक्कम लावून समोरच्याला पत्ते टाकायला लावणे. परंतु लहान डावांवरचा खेळाडू निव्वळ कुतूहलापोटी पैसे भरतो आणि झाकली मूठ उघडायला लावतो. मग तक्रारदार वरच्या टेबलावर जातो, जेथे त्याला मान मिळतो आणि मान देणाऱ्यांना त्याचे पैसे मिळतात.

कौशल्य असले की उतरावे लागत नाही, हा समजही टिकत नाही. 1980, 1981 आणि 1997 अशी तीनदा तीच मुख्य स्पर्धा जिंकणारे स्टू अंगर 1998 मध्ये लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलात जवळजवळ निष्कांचन अवस्थेत वारले. 1992 च्या अखेरीस 50 डॉलर घेऊन त्याच शहरात आलेले आर्ची कारास यांनी चार कोटी डॉलरपर्यंत मजल मारली आणि 1995 मध्ये ती सारी माया तेथेच परत केली. आपल्याकडे धर्मराजाने मोत्यांच्या हारापासून सुरू केलेला पण द्रौपदीपर्यंत नेला आणि सर्व काही परत मिळाल्यावरही दुसऱ्या द्यूताला होकार दिला; दोन्ही बैठकींत डाव लहान करू या, असे सुचवणारा सभेत कोणी निघाला नाही.

लहान डावांनाही एक खोट आहे. कॅसिनो प्रत्येक डावातून जो आपला हिस्सा, म्हणजे ‘रेक’, कापून घेतो, तो लहान टेबलावर प्रमाणाने अधिक बोचतो. तरीही तीन लक्षणे दिसताच उतरणे भाग आहे: भांडवल ठरलेल्या रेषेखाली जाणे, समोरच्या चिप्समध्ये किराणा मालाचे बिल दिसू लागणे, आणि हरल्याच्या रागाने हातातले वाईट पत्तेही चांगले भासू लागणे, ज्याला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात.

ही रेषा खेळायला बसण्यापूर्वी, शुद्धीवर असताना आणि शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हस्ताक्षरात लिहून ठेवावी. तिच्या हिशेबाने सर्वांत लहान टेबलही परवडत नसेल, तर बदाम सात खेळावा. त्यात पैसे लागत नाहीत आणि रेक कोणी कापत नाही.