रंग वर, औषध आत

सोलापुरात ज्याला लाकूड विकत घ्यायचंय, त्याने ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घालू नये. सोनं घ्या, जमीन घ्या, लोक ‘बघा बुवा तुमचं तुम्ही’ म्हणून मोकळे होतात. लाकडाचं नाव काढलं की मात्र प्रत्येकाकडे एक ठाम मत निघतं, आणि मताबरोबर एक बाटली.

मला आमच्या जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर लाकडी मांडव घालायचा होता. चार खांब, वर तुळया, तुळयांवर पट्ट्या, कडेनं मधुमालती. “अँगल मारा, वर पत्रा टाका, विषय संपला,” असं मला भेटेल तो सांगत होता. गावात गच्चीवर तसंच करतात हेही खरं. पण पारा ४४ वर असताना भर दुपारी पत्र्याखाली बसून दाखवा म्हटलं की हेच सल्लागार घड्याळाकडे बघतात.

लाकूड म्हटलं की वाळवी आली. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की आत हात जावा, आणि त्या मातीतून ही बाई निघते ती भिंतीवर मातीची बोटभर रुंद नळी बांधत, त्या नळीतूनच, उजेडाला तोंड न दाखवता. तिचं काम बघायचं असेल तर जुन्या घराच्या चौकटीजवळ खाली बसावं. वरून पॉलिश जसंच्या तसं, लग्नात लावलेल्या हळदीकुंकवाची बोटंसुद्धा शाबूत. उंबऱ्याजवळ अंगठा दाबला की तो पेरापर्यंत आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा त्याला माती लागलेली असते. लाकूड संपलेलं असतं. उरलेला असतो तो रंगाचा पापुद्रा आणि घरमालकाचा समज.

तर बाटल्या. पहिली आत्याची, बिब्ब्याच्या तेलाची. आत्या बाळीवेशीजवळच्या माळवदाच्या घरात वाढलेली. खाली तुळया, त्यावर सर, त्यावर किलचण आणि वर हातभर पांढरी माती, असल्या छताखाली तिच्या दोन पिढ्या निजल्या. “डोक्यावर माती होती रे, माती! कधी वाळवी लागली नाही,” असं ती सांगते. त्या घरात दिवसभर चूल धुमसायची आणि सगळं लाकूड धुरानं काळं ठिक्कर पडलेलं असायचं, हे ती सांगत नाही. बिब्बा अंगाला लागला की फोड येतात हेही नाही.

दुसरी बाटली, खरं म्हणजे कॅन, शेजारच्या अण्णांचा. त्यात गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑईल. अण्णा निवृत्त गिरणी कामगार, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. त्यांनी स्वतःच्या अंगणातल्या बाकड्याला वर्षानुवर्षं जळकं ऑईल पाजलंय. बाकडं ठणठणीत आहे. त्यावर कोणी बसत नाही, म्हणून ठणठणीत आहे असं माझं मत. पांढरा लेंगा घालून बसलेला एक पाहुणा उठताना मी पाहिलाय. त्यानंतर तो त्यांच्याकडे आला नाही.

तिसरा उपाय सांगोल्याच्या मावसभावाचा, आणि हा मात्र मला विचार करायला लावणारा निघाला. त्याची डाळिंबाची बाग आहे. डाळिंबवाल्याला मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो मिश्रण, घरच्या मीठमिरचीइतकं पाठ असतं. “बुरशीला तांबं चालत नाही दादा. मोरचुदाच्या पाण्यात बुडवून काढ की लाकूड,” असं म्हणून त्यानं निळ्या खड्यांची पिशवी माझ्यासमोर ठेवली. तत्त्व बिनचूक होतं. अडचण अशी की मोरचूद पाण्यात विरघळतं तसंच पावसात धुऊनही जातं, आणि जाता जाता लोखंडी खिळे खातं.

या धुऊन जाण्यावर उपाय शोधणारा माणूस आपल्याच देशातला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले सोंटी कामेशम. त्यांनी १९३३ मध्ये तांब्याला आर्सेनिकची आणि दोघांना क्रोमियमची जोड दिली. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात असं बसवतं की पाऊस आला तरी ते फारसे बाहेर पडत नाहीत. ब्रिटनचं पेटंट १९३४ चं, अमेरिकेचं १९३८ चं. पुढं कितीतरी दशकं अमेरिकेतल्या घरांमागचे हिरवट लाकडी ओटे याच मिश्रणावर उभे होते. मी हे गच्चीच्या कठड्यावरून वाचून दाखवलं तेव्हा अण्णांनी नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. “सोंटी? मग आमचाच माणूस,” असं म्हणून त्यांनी जळक्या ऑईलचा कॅन उचलून आत नेला. विज्ञानाचा याहून तडकाफडकी विजय मी पाहिलेला नाही.

आता हे औषध लाकडात जातं कसं, ते महत्त्वाचं. ब्रशनं लावलेलं औषध कातडीपुरतं. खरं काम बंद लोखंडी सिलिंडरमध्ये होतं: लाकूड आत ढकलायचं, दार बंद करून हवा ओढून घ्यायची, मग औषध सोडून वरून दाब द्यायचा. ही रीत जॉन बेथेल या इंग्रजाची, १८३८ सालची, आणि तेव्हाचं औषध क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल. रेल्वेचे लाकडी स्लीपर त्यावरच टिकले. सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये, तेव्हा जगात ही विद्या जुनी झाली होती. मी वखारीत ती विचारायला गेलो तेव्हा मात्र अगदी कोरी करकरीत होती.

“ट्रीटमेंट केलेलं लाकूड आहे का?”

“सगळा माल ट्रीटमेंटचाच हाय मालक. बिगर ट्रीटमेंटचं आपण ठेवतच नाही.”

सोलापुरात गिऱ्हाईक मालक असतं. खिशात पैसे किती यावर ते अवलंबून नसतं, त्यामुळे हुरळून जायचं कारण नाही. वखारवाल्यानं आधी रबराच्या झाडाचं लाकूड दाखवलं. केरळातून येतं, गोरंगोमटं, गुळगुळीत, औषध खरोखरच दिलेलं. पण ते औषध बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं. घरातल्या कपाटाला उत्तम, गच्चीवर दोन पावसाळ्यांत औषध पन्हाळीतून खाली. लाकडाला औषध दिलंय का एवढं विचारून भागत नाही, कुठल्या जागेसाठी दिलंय हे विचारावं लागतं. सागवानाचं विचारलं तर म्हणाला, सागाला औषध कशाला? अर्धं खरं होतं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, त्याचं औषध त्याच्या पोटातच असतं. पण गाभ्याभोवतीचं पांढरं लाकूड तिला चालतं, आणि त्यानं काढलेल्या वाशात दोन बोटं पांढरं होतं. शिवाय सागाचा भाव ऐकून मला क्षणभर पत्रा सुंदर वाटायला लागला.

मग आला पाइन. हिरवागार. मी वाचून गेलो होतो की टोकाचा तुकडा बघून उपयोग नाही, कारण टोकाकडून औषध आपोआप आत शिरतं. वासा मधोमध कापून बघायचा. तसं म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुलीचे दात मोजायला सांगितले. तरी पोराला हाक मारली. करवत फिरली. बाहेर कागदाच्या जाडीची हिरवी कड, आत दुधासारखं पांढरं लाकूड.

“हे तर नुसतं वरून रंगवलंय.”

“रंग वरच हाय मालक,” तो शांतपणे म्हणाला. “औषध आत असतंय. ते दिसत नाही. दिसत नाही म्हणून तर रंग मारलाय.”

या युक्तिवादात फट शोधायला मला घरी यावं लागलं. पण माणूस मनाचा चांगला. कापलेल्या वाशाचे पैसे घेतले नाहीत, चहा पाजला, आणि स्वतःचं सिलिंडर असलेल्या बाहेरगावच्या कारखान्यातून माल मागवून देतो म्हणाला. हिशोबही त्यानंच शिकवला: चार बाय तीन इंची बारा फुटी वासा म्हणजे बरोबर एक घनफूट. रंधा मारल्यावर सूत-दोन सूत जातात, पैसे मात्र रंध्याआधीच्या मापाचे. भुशाचे पैसे देऊन भुसा वखारीतच ठेवून यायचा, अशी या धंद्याची रीत. अमेरिकेत घरगुती कामासाठी हे आर्सेनिकवालं लाकूड विकणं कंपन्यांनी २००३ अखेर बंद केलं आणि त्या आर्सेनिक नसलेल्या, तांब्यावर आधारलेल्या नव्या औषधांकडे वळल्या, हे मी त्याला सांगितलं, आणि तसलं मिळेल का विचारलं. “मिळंल की,” तो म्हणाला, “अमेरिकेत.”

माल आला तो ओला. सिलिंडरमधून निघालेलं लाकूड पाणी पिऊन आलेलं असतं, आणि सोलापूरचं ऊन ते पाणी एका आठवड्यात असं खेचतं की सरळ वासा रविवारी धनुष्य होऊन बसतो. वाळवी आणि बुरशीवर औषध आहे, उन्हावर नाही. हे कोणत्याच बाटलीवाल्यानं सांगितलं नव्हतं, मिस्त्रींनी सांगितलं. “सावलीत निजवा. मध्ये काड्या घाला, वारं फिरू द्या. घाई केलासा तर मांडव नाही, पाळणा होतंय.” सावली म्हणजे आमचा हॉल. सोफा भिंतीला सरकला आणि हॉलच्या मधोमध वाशांची चळत उभी राहिली, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या, बारीक हिरवट वास. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिला वळसा घालायचा आणि मग विचारायचा, “घर बांधताय?”

चैत्र लागला तशी आत्या कुरडयांच्या मागे लागली. एके सकाळी बघतो तर चळतीच्या वरच्या थरावर स्वच्छ धोतर अंथरलेलं, त्यावर ओळीनं ओल्या कुरडया. इतकी सपाट, इतकी उंचावरची, मुंग्या न चढणारी जागा तिला जन्मात मिळाली नव्हती.

“आत्या, त्यात आर्सेनिक आहे.”

“म्हणजे काय?”

“सोमल.”

सोमल तिला पक्का ठाऊक होता. वाण्याकडे उंदरांसाठी मिळायचा. तिनं माझ्याकडे पाहिलं, कुरडयांकडे पाहिलं आणि म्हणाली, “आणि हे तू डोक्यावर बांधणार?” माळवदाच्या मातीखाली जन्म काढलेल्या बाईनं हे विचारावं, आणि मला तिला उत्तर देता येऊ नये, असं झालं खरं. कुरडया गेल्या. धोतरही गेलं.

मांडव उभारायचे दिवस मात्र मजेत गेले. मिस्त्री कानाला पेन्सिल लावून गच्चीवर फिरायचे आणि मी मागून नियम सांगत फिरायचो. कापताना तोंडाला फडकं. जेवायच्या आधी साबणानं हात. खिळे गंज न धरणारे. खांब स्लॅबवर टेकवायचा नाही, लोखंडी बुटात, खाली पाणी वाहायला जागा ठेवून. कापलेलं टोक वर आणि कारखान्यातून आलेलं टोक खाली, कारण कापल्याजागी आतलं कमी औषधाचं लाकूड उघडं पडतं. तिथं ब्रशनं पुन्हा औषध. मिस्त्रींनी पहिला खांब अर्थातच उलटा लावला. “खालचं टोक कोण बघतंय मालक?” वाळवी बघते, असं मी म्हणालो. त्यांनी खांब फिरवला, पण माझ्याविषयीचं मत त्यांनी तेव्हाच बनवलं. जेवणाच्या सुट्टीत ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, “नाही बे, अजून हितंच. मालक लाकडाला बूट घाललालेत.”

मांडव झाला. चांगला झाला. संध्याकाळी सातनंतर तिथं बसता येतं, अण्णा वर येऊन ‘आमच्या माणसाच्या’ खांबाला टेकून चहा पितात, मधुमालती अजून गुडघ्याएवढी आहे.

प्रश्न उरला तो तुकड्यांचा. वीतभर, हातभर, दोन पोती. आत्याचा जीव त्यावर. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे आणि असलं खडखडीत वाळलेलं, सरळ चिरलेलं जळण तिच्या नशिबात पूर्वी आलेलं नाही. पण हे लाकूड जाळलं की सोमल धुरात आणि राखेत. आणि ती राख ती भांड्यांना लावणार. पोती मी जिन्याखाली लपवली, तिनं शोधली. माळ्यावर टाकली, तिथून निघाली. सांगोल्याचा भाऊ बागेत खुंट्या ठोकायला नेतो म्हणाला, मग सोमल ऐकून त्यानंही पिशवी खाली ठेवली. कुजत नाहीत, कीड लागत नाही, जाळता येत नाहीत. शेवटी सकाळी घंटागाडी आली तेव्हा एक पोतं खांद्यावर घेऊन मी फाटकाशी गेलो.

“ओला का सुका?” गाडीवरच्या पोरानं विचारलं.

“सुकाच आहे. पण जाळायचा नाही, पुरायचा नाही, आणि हात लावलास तर साबणानं धू.”

त्यानं पोत्यात डोकावून पाहिलं. एक तुकडा उचलला, परत टाकला आणि हात पँटला पुसला.

“एवढं चांगलं लाकूड,” तो म्हणाला, “मांडव घाला की गच्चीवर.”