आधी कोण गळाला लागतं?

मालवणात गरवायला निघालेल्या नवशिक्याला मासा लागायच्या आधी तो स्वतःच दुकानदाराच्या गळाला लागतो. कार्बनचा रॉड, चकचकीत रील, जपानी ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, डबाभर रंगीत नकली मासे आणि खिसेच खिसे असलेलं जाकीट. पैशाचा खिसा तेवढा रिकामा.

खरं तर खाडीकाठी सुरुवातीला ७ फुटांचा मध्यम ताकदीचा फायबरचा रॉड आणि ३००० किंवा ४००० आकाराचं साधं स्पिनिंग रील पुरतं. दोरी नायलॉनचीच बरी. ती थोडी ताणली जाते, म्हणून घाईत मारलेला झटका खपून जातो. ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही आणि गाठ चुकली तर गुपचूप निसटते. पण दुकानदार एवढं सांगत बसला तर धंदा कधी करणार?

शेजारच्या खडकावर आजोबा बसलेले असतात. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, शिशाचा तुकडा, गरीला सोललेली कोळंबी. पिशवीत शेंगाळे.

नवशिक्याच्या जाकिटात सगळं असतं, लांब नाकाची पक्कड मात्र नसते. शेंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा करवती काटा हातात शिरला, की तिची आठवण येते. तेव्हा पक्कड आधी घ्या. आणि घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने धुऊन पुसा. मिठाने महागडं रीलसुद्धा जाम होतं.