लई बेणं हाय!

कोकणातल्या माणसाला बी म्हटलं की काजू आठवतो, वऱ्हाडातल्याला सरकी. आमच्या कृष्णाकाठी आधी बेणं आठवतं, आणि पाठोपाठ एखादा नातेवाईक.

खरं तर ऊस लावताना बी कुणी पेरतच नाही. उसाच्या तुऱ्यात बी धरतं, पण ते नवा वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञांच्या कामाचं. शेतात लावायची ती टिपरी, म्हणजे दोन डोळ्यांचा उसाचा तुकडा. हेच बेणं; ते दहा-अकरा महिन्यांचं, रसरशीत हवं. निबर झालं की उगवण बोंबलते. सरीत दाबताना डोळे बाजूला यायला हवेत, कारण खाली गेलेला डोळा उशिरा फुटतो. लावणीच्या दिवशी आमचा मामा लावण करणाऱ्या बायकांच्या मागून "डोळे बाजूला! डोळे बाजूला!" असा ओरडत फिरतो. एकदा बांधावरून चाललेल्या पाहुण्यानं दचकून नजर वळवली होती.

मामाचा वाण को ८६०३२. 'को' म्हणजे कोइमतूर. मामा त्याला नुसतं 'शहाऐंशी बत्तीस' म्हणतो. मधलं शून्य कारखान्यानं काट्यात मारलं, असं त्याचं ठाम मत आहे.

बेण्याचा दुसरा उपयोग माणसांवर. ऊसतोड देतो तोवर कारखान्याचा चिटबॉय 'साहेब'. तोड लांबली की 'बेणं'. आवाज चढवून म्हटलं तर शिवी, मिशीत हसून म्हटलं तर शाबासकी. आजोबांच्या बंडीतून दहाची नोट काढून वर "आजोबा, तुमची नोट सांडली होती," म्हणत पाच रुपये बक्षीस मागणारा नातू 'इरसाल बेणं' ठरतो, आणि हे सांगताना आजोबांचीच छाती फुगते. 'हायब्रीड'च्या नशिबी मात्र हे कौतुक नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. उतारा दांडगा, पण भाकरी चवीला उतरली. तो राग गावानं अजून सोडलेला नाही. थोराड पण बिनकामाचं पोर दिसलं की ते हायब्रीड.

मध्यंतरी मामाच्या ओसरीवर ऊस उत्पादकांची बैठक झाली. शेती अधिकारी पोटतिडकीनं सांगत होते, "दर तीन-चार वर्षांनी बेणं बदललंच पाहिजे. जुन्यात रोग साठतात, उतारा घटतो, नुसता खर्च वाढतो."

चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या मामीनं एकवार मामाकडे पाहिलं.

"शेतातलंच न्हवं, साहेब?"

"हो वहिनी, शेतातलंच."

"मग ऱ्हाऊ द्या. च्या घ्या."