भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं

भोपाळच्या बाग सेवनियात भिंतीला भिंत लागून घरं आहेत. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजतो, त्यांच्याकडे पाहुणे कोण आले तेही आवाजावरून ओळखतो. मग रात्री अकराला भांडं आपटल्याचा आणि पाठोपाठ बाईच्या रडण्याचा आवाज आला, की टीव्ही मोठा का होतो? 'नवरा-बायकोत आपण कशाला पडायचं' हे आपल्या मराठी घरांत भोपाळला येऊनही सुटलेलं नाही.

याच शहरात सप्टेंबर २०२० मध्ये महासंचालक दर्जाच्या एका पोलीस अधिकाऱ्याचा पत्नीला मारतानाचा व्हिडिओ बाहेर आला. हा कौटुंबिक वाद आहे, गुन्हा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. एवढा मोठा अधिकारी असं म्हणतो, तर गल्लीतल्या माणसाला बोल का लावायचा? मी लावते. कारण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ४ ऐकणाऱ्या शेजाऱ्यासाठीच आहे. संशयाला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर खटला होत नाही. मुलाच्या लैंगिक शोषणाबद्दल तर पॉक्सो कायदा गप्प बसूच देत नाही. माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुरावा शोधणं तुमचं काम नव्हे, ते पोलिसांचं.

ओळखायचं कसं? खेळताना पडलेल्या पोराचे गुडघे फुटतात, नडग्या खरचटतात. कानामागे, पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला वळ असतील, तर ते खेळताना पडून सहसा होत नाहीत. फळीवरचा डबा काढायला तुम्ही हात वर केलात आणि पोरगं डोकं झाकून बसलं, तर आणखी काय बघायचंय?

बाईच्या बाबतीत घाई करू नका. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं. तिथल्या परिचारिका-डॉक्टरांना शिकवलं गेलं, की तिला एकटीला गाठून विचारा, नवऱ्यासमोर नाही. भोपाळच्या जेपी रुग्णालयात २०१४ पासून 'गौरवी' केंद्र आहे. वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायद्याचा सल्ला असं सगळं एका जागी मिळावं म्हणून ते उभं राहिलं. तिला हे सांगा, पण पाऊल कधी उचलायचं ते तिला ठरवू द्या. घर सोडताना धोका वाढतो, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पोराच्या बाबतीत मात्र थांबू नका. मुलांची हेल्पलाइन १०९८ फिरवा. घर कुठलं, पोर साधारण केवढं, काय दिसलं, एवढं सांगितलं की पुरे. आत्ता मारहाण चालू असेल तर तातडीच्या मदतीचा ११२.

आणि त्या बाईला महिला हेल्पलाइन १८१ वर बोलायचं असेल, तर तुमचा मोबाइल तिच्या हातात द्या. तिचा बहुधा रात्री तपासला जातो.