नरिमन पॉइंट, मार्गे दावोस

मंत्रालयातून निघून रिलायन्सच्या मेकर चेंबर्सपर्यंत चालत जायला दहा मिनिटं पुरतात. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं आणि कटिंग झाला, तर पंधरा. तरीही जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि रिलायन्स करारासाठी भेटले ते थेट दावोसला, स्वित्झर्लंडच्या बर्फात. एका बाजूला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, दुसऱ्या बाजूला अनंत अंबानी, हातात फाइल, चेहऱ्यावर हसू आणि सामंजस्य करार ३ लाख ५ हजार कोटींचा.

रिलायन्स एकटी नव्हती. वांद्रे-कुर्ला संकुलातली जेएसडब्ल्यू ३ लाख कोटी घेऊन आली होती. पुण्याच्या मुंढव्यातला कल्याणी समूहही हजर. एकूण बेरीज १५ लाख ७० हजार कोटींच्या घरात. त्यात अ‍ॅमेझॉनसारखे परके होते, नाही असं नाही. पण मोठे आकडे घरचेच. परगावच्या जत्रेत दुकान मांडायचं आणि गिऱ्हाईक मात्र आपल्याच गल्लीतून सोबत न्यायचं, असा हा व्यवहार.

सरकारचं म्हणणं, दावोसला सही झाली की ती जगाला दिसते. शिवाय देशी कंपन्यांत पैसा परदेशीही असतो. दुसरा मुद्दा एक वेळ मान्य. पहिल्याचं काय? त्या आठवड्यात जग वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प यांचा शपथविधी पाहत होतं. आपल्या सह्या पाहिल्या त्या आपल्याच वृत्तवाहिन्यांनी. (तेलंगणचे रेवंत रेड्डी आणि आंध्रचे चंद्राबाबूही तिथेच होते, त्यांच्या त्यांच्या वाहिन्यांसाठी.)

गंमत पुढेच आहे. गुंतवणुकीच्या या यादीत गडचिरोलीतलं पोलादही आहे. लोहखनिज एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात, खनिजाच्या ट्रकांची धूळ खाणारी माणसं तिथलीच, कंपनी मुंबईची, सरकारही मुंबईतच. आणि १ जानेवारीला मुख्यमंत्री स्वतः गडचिरोलीत होते. पेन खिशात असणारच. सही तिथल्या तिथे उरकली असती, तर ज्यांच्या जमिनीजवळ भट्टी पेटणार आहे त्यांनाही बघायला मिळाली असती.

घरच्या घरी सह्या होत नाहीत, असंही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये याच फडणवीसांनी वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ भरवलं होतं. ४,१०६ करार, १२ लाख १० हजार कोटी. बर्फाचा कण नव्हता, तरी आकडे फुगायचे थांबले नाहीत.

तेव्हा पुढच्या दावोसवारीचे कोट धुलाईला टाकण्याआधी सरकारने त्या ४,१०६ करारांची जिल्हावार यादी सभागृहात ठेवावी: कारखाना कुठे उभा राहिला, नोकऱ्या किती लागल्या, फाइल कुठे अडली. विरोधी बाकांवरच्या मंडळींनी ती मागावी. त्यांनीही दावोसची वारी केलेली आहे, म्हणून जरा मोठ्या आवाजात मागावी.