मिशनरी साहेब, मुक्काम नगर

एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यात तीन जातींचे साहेब आढळत. एक सारा वसूल करी, दुसरा छावणीत कवायत करवून घेई आणि तिसरा कुणी न बोलावता चावडीवर येऊन ‘आपण सारे पापी आहोत’ असं अत्यंत अदबीनं सांगे. पहिल्या दोघांना लोक घाबरत. तिसऱ्याला घोंगडी अंथरून देत.

हा तिसरा म्हणजे अमेरिकन मिशनरी. इंग्रज नसून साहेब, हातात सत्ता नसून साहेब, खिशात पैसा नसूनही साहेबच. त्याचे मूळपुरुष गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना आल्या पावली परत पाठवायला निघालं होतं. तरी ते चिकटले. १८३१ साली नगरला ठाणं पडलं आणि पुढची शंभर वर्षं साहेबांच्या पिढ्या तिथं नांदल्या. त्यांतला कुठलाही एक उचला, व्यक्ती वेगळी निघेल पण वाण तोच.

साहेब मराठी शिकतो पंडिताकडून. त्यामुळे त्याच्या मराठीला सोवळं नेसवलेलं असतं. त्याची पोरं मराठी शिकतात आयाकडून आणि माळ्याकडून. बाजारच्या दिवशी साहेब पारावर उभा राहून गर्जतो, “हे प्रिय बंधुजनहो, तुमच्या अंतःकरणी पश्चात्ताप उत्पन्न होवो!” बंधुजन एकमेकांकडे बघतात. मग साहेबाचा आठ वर्षांचा मुलगा पुढं होऊन सांगतो, “बाबा म्हणत्यात, चुकलं आसंल तर चुकलं म्हना.” बंधुजन माना डोलावतात. त्या दिवशीचं प्रवचन साहेबाच्या खात्यावर जमा होतं.

साहेबाचे वरिष्ठ दोन: एक स्वर्गात, दुसरे बोस्टनमध्ये, म्हणजे त्याला इकडे धाडणारं मिशनचं मंडळ. स्वर्गातल्याशी रोज बोलणं होई. बोस्टनच्या मंडळाचं उत्तर यायला सुरुवातीच्या काळात केप ऑफ गुड होपला वळसा घालावा लागे, म्हणजे वर्षाचा बराच भाग वाट बघण्यात जाई. शाळेच्या छपराला पैसे मंजूर झाल्याचं पत्र येईपर्यंत दोन पावसाळे त्याच छपरातून गळून गेलेले असत. अशा माणसाची श्रद्धा दांडगी असावीच लागते.

पण श्रद्धेनं घर चालत नाही, ते मडमेनं चालतं. मुलींची शाळा ती बघते, क्विनाइन आणि एरंडेल ती वाटते, वाड्यांत जाऊन बायकांशी ती बोलते, साहेबाचा हिशेब चुकला की ताळा तीच जमवते. बोस्टनच्या दप्तरात मात्र तिच्या नावापुढं ‘सहाय्यक मिशनरी’ असं लिहिलेलं असे. नवरा दौऱ्यावरून परतला, की शाळा, दवाखाना आणि स्वयंपाकघर यांची चालू स्थिती समजून घ्यायला त्याला सहाय्यकाकडेच जावं लागे. सिंथिया फॅरर तर कुणाची बायको न होता, एकट्याच १८२७ साली मुंबईला आल्या, पुढं नगरला गेल्या आणि १८६२ साली तिथंच वारल्या. नगरच्या त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. हे काम ‘सहाय्यक’ सदरात कसं मावत असेल, ते बोस्टनलाच ठाऊक.

थंडी पडली की दौरा निघे. दोन बैलगाड्या, राहुटी, पुस्तकांची पेटी, औषधांची पेटी, मडम, तान्हं बाळ, आया आणि सर्वांच्या पुढं घोड्यावर साहेब. गावात पोचताच तुफान गर्दी जमे. साहेबाला वाटे, वचनाची तहान आहे. गर्दी बाळाचे भुरे केस बघायला आलेली असे.

आता हे दृश्य बघा. पिंपळाखाली साहेब मूर्तिपूजा, नवससायास आणि अंधश्रद्धा यांचा समाचार घेतो आहे. दहा हातांवर राहुटीच्या दारात पाटलीणबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्यात. “आगं बाई, येवढं गोरंपान लेकरू, दिष्ट न्हाई का लागायची?” म्हणत त्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतात आणि बाळाच्या गालाला तीट लावतात. मडम हात पुढं करते, पुसण्यासाठी. मग थांबते. वर्षापूर्वी तिनं एक लेकरू नगरच्या मातीत ठेवलेलं असतं. मिशनच्या बहुतेक घरांचं दफनभूमीशी असं नातं होतंच. ती तीट तशीच राहते. संध्याकाळी साहेब बाळाला उचलून घेतो, गालाकडे बघतो, बायकोकडे बघतो आणि वर्तमानपत्र उघडतो. बोस्टनच्या अहवालात त्या गावाबद्दल एवढंच जातं: ‘श्रोते लक्षपूर्वक ऐकत होते.’

चावडीवर साहेबाला सगळ्याची उत्तरं येत. त्रैक्याबद्दल विचारा, सृष्टीच्या उत्पत्तीबद्दल विचारा, तयार. एका सवालाला मात्र तो घाम पुसे. कोपऱ्यातला म्हातारा विचारी, “सायेब, आमच्या पणज्यानं तुमच्या येशूचं नाव बी ऐकलं न्हवतं. त्यो कुठं आसंल मग आता?” जुन्या शिकवणीप्रमाणे उत्तर एकच होतं, आणि घोंगडी अंथरून देणाऱ्याच्या तोंडावर ते सांगायला जीभ रेटत नसे. नगरचे रॉबर्ट ह्यूम १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना जाहीरपणे म्हणाले, की हे पूर्वज सरसकट नरकात गेले, असं सांगणं प्रचाराच्या आड येतं. बोस्टनमध्ये गहजब झाला. मंडळानं त्यांची परत रवानगी अडवून धरली आणि पुढच्या वर्षी सोडली. कुणाच्या तरी पणज्याची कड घेऊन नोकरी पणाला लावणारा साहेब नगरकरांना आपला वाटला, तर त्यात नवल ते काय?

आपला म्हणजे अगदी घरगुती अर्थानंही. साहेबांच्या सोयरिकी आपापसांतच जमत. ह्यूमांकडे फेअरबँकांची मुलगी दिली, फेअरबँकांकडे बॅलंटाइनांची. पाहुणे, आडनावं, कोण कुणाची मावशी हे सगळं तोंडपाठ. पत्रिका तेवढ्या बघत नसत.

खरी कसोटी लागे ती पोरं दहाबारा वर्षांची झाली की. शिक्षणासाठी त्यांना अमेरिकेला नातेवाइकांकडे ठेवायचं आणि आईबापांनी परत फिरायचं. कोडाईकॅनलची शाळा निघाली १९०१ साली. तोवर हाच रिवाज. न्यू इंग्लंडच्या बर्फात बसलेलं ते पोरगं चुलतीकडे भाकरी मागे, आणि चुलती ‘बिचाऱ्यावर काय संस्कार झालेत’ म्हणून देवाकडे प्रार्थना करी. हीच पोरं पदव्या घेऊन पुन्हा नगर जिल्ह्यात हजर होत. मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ह्यूम असेच येलला शिकून १८७४ साली परत आले. मंडळ त्याला ‘दैवी पाचारण’ म्हणे. मला त्यात थोडा भाकरी-ठेच्याचाही हात दिसतो.

आणि मग उलटंच घडत गेलं. याच मिशनमधल्या एबेनेझर बर्जेसांनी १८६० साली सूर्यसिद्धान्ताचं इंग्रजी भाषांतर छापलं. ह्यूमांचा नगरला जन्मलेला मुलगा मोठेपणी उपनिषदं घेऊन बसला. त्याची तेरा प्रमुख उपनिषदं १९२१ साली ऑक्सफर्डनं काढली. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी याच मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळक पुढं म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. इकडे मिशनचेच जस्टिन ॲबट निवृत्त होऊन अमेरिकेत गेले आणि उरलेलं आयुष्य महिपती, एकनाथ, तुकाराम इंग्रजीत नेण्यात घालवलं. पूल एकच, वाहतूक दुतर्फा.

यांतल्या एकाचीही ख्रिस्तावरची निष्ठा रतीभर ढळली नाही, हे विसरू नये. बाटला कुणीच नाही, फक्त घरं तेवढी नगरची झाली. बोस्टनला दरसाल बाप्तिस्म्यांचा आकडा लागे आणि साहेब तो इमानानं कळवी. नगरकरांनी किती साहेब आपल्यात ओढले, याचा आकडा मात्र कुणी ठेवला नाही. ठेवून पाठवायचा कुणाला? त्यांच्या डोक्यावर मंडळही नव्हतं आणि वर्गणीदारही नव्हते.